संगणकाचं सेवापुस्तक

सरकारी नोकरीत माणूस लागला की त्याचं सेवापुस्तक उघडतात. जन्मतारीख, ओळखीची खूण, बदल्या, बढत्या, रजा, शिक्षा, सगळं त्यात चढत जातं आणि निवृत्तीच्या दिवशी ते बंद होतं. आमच्या साहेबांनी निवृत्तीनंतर घरी एक नवं सेवापुस्तक उघडलं होतं. ते त्यांच्या संगणकाचं होतं.

मी ते पाहिलं आहे. त्यातल्या नोंदींवर साक्षीदार म्हणून माझ्या सह्या आहेत. त्यातली एक सही खोटी आहे. म्हणजे सही माझीच आहे, पण जिच्याखाली ती केली ती गोष्ट खोटी आहे. तेच सांगण्यासाठी बसलो आहे. पण साहेब कसे होते हे आधी समजलं नाही, तर मी काय केलं तेही समजणार नाही.

आम्ही दोघं दिल्लीत एकाच मंत्रालयात. ते सेक्शन ऑफिसर, मी त्यांच्या हाताखाली असिस्टंट. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरमध्ये समोरासमोर राहिलो आणि पुढे मयूर विहारच्या सहकारी सोसायटीत एकाच जिन्यावर फ्लॅट घेतले. ते दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. कोणी पाहुणा आला की माझी ओळख करून देताना ते म्हणत, "हे ऑफिसातही माझ्या खालीच होते." यात त्यांना विनोद वाटत नसे. माहिती दिली, एवढंच.

घरातसुद्धा त्यांचा कारभार लेखी. वहिनींनी कोथिंबीर आणायला सांगितली की ते म्हणत, "चिठ्ठी द्या." चिठ्ठीवर ते बाजारातून आल्यावर शेरा मारत, 'कार्यवाही केली. जुडी लहान मिळाली.' वहिनी मला म्हणत, "भावजी, यांनी माझ्याशी लग्न प्रोबेशनवर केलंय. चाळीस वर्षं झाली, अजून कन्फर्म केलेलं नाही."

दिल्लीत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला आलेली मराठी मुलं आमच्या मराठी मंडळात भेटली, की साहेब त्यांना रविवारी हमखास रिजच्या टेकडीवर न्यायचे. हिंदूराव हॉस्पिटलच्या फाटकासमोर उभं करून सांगायचे, "ज्याच्या नावानं हे सगळं आहे ना, तो ग्वाल्हेरहून आलेला आपला माणूस. इथे राहत होता." एकदा फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं, "किस वार्ड में जाना है, अंकल जी?" साहेब म्हणाले, "वार्ड में नहीं, हम इतिहास देखने आए हैं." चौकीदारानं क्षणभर विचार केला आणि हात करून सांगितलं, "आगे से लेफ्ट, पर्ची कटवा लीजिए." साहेबांनी त्याचे आभार मानले आणि मुलांना म्हणाले, "बघा. पद्धत म्हणजे पद्धत."

तर संगणक.

आमच्या मंडळाच्या सूचना जवळच्या एका हिंदी छापखान्यातून छापून यायच्या. तिथल्या कंपोझिटरकडे 'ळ' नव्हता, आणि असता तरी त्याला त्याची गरज पटलेली नव्हती. तिळगुळाचं तिलगुल व्हायचं. एका वर्षी व्याख्यात्यांचं आडनाव काळे होतं, ते काले म्हणून छापलं गेलं. ते बिचारे हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "दिल्लीत राहून आपण पुष्कळ सोडलं. हे अक्षर मी सोडणार नाही." आणि निवृत्तीच्या पैशातून संगणक घ्यायला निघाले. मी सोबत होतो. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, आम्ही दोघांनी एकसारखे दोन संगणक घेतले. अगदी जुळे. पुढे जे झालं त्याला हे जुळेपण कारण ठरलं.

मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर मात्र फक्त त्यांनी घेतलं. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, ओरिजिनल कौन लेता है? मैं क्रैक डाल देता हूं, फ्री में."

साहेब म्हणाले, "मैं सरकारी आदमी हूं."

"अरे, फिर तो चाय भी पिलाऊंगा!"

साहेबांनी चहा घेतला नाही आणि सॉफ्टवेअर पावतीसकट घेतलं. त्याबरोबर आलेला परवाना त्यांनी लॅमिनेट करून संगणकाच्या वर भिंतीवर टांगला. सोसायटीतली सगळी मराठी घरं मग पत्रिका, बायोडेटा, मंडळाच्या सूचना त्यांच्याकडूनच करून घेऊ लागली. 'ळ' आला, पण त्याबरोबर साहेबही आले. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी केली. तिच्यावर होतं, 'विषय : विवाहास उपस्थित राहणेबाबत. महोदय / महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की...' आणि तळाशी, 'प्रत माहितीसाठी : वराकडील मंडळी.' मुलगी आधी रडली, मग इतकी हसली की तीच पत्रिका ठेवायची असं ठरलं.

त्या सॉफ्टवेअरची एक अट होती. परवाना एका माणसाला नव्हता, एका संगणकाला होता. पहिल्या दिवशी ते सॉफ्टवेअर संगणकाच्या आतल्या भागांचे नंबर टिपून घ्यायचं आणि रोज उघडताना ते पडताळून बघायचं. एखादा किरकोळ भाग बदलला तर कानाडोळा करायचं. फार काही बदललं की म्हणायचं, हा तो संगणक नाही, आणि कुलूप लावून बसायचं. मग कंपनीला फोन करून नवा नंबर मिळवायचा. तोही दोनदाच मिळणार.

दुसरा कोणी वैतागला असता. साहेब खूश झाले. ते म्हणाले, "मला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत आहे हे सिद्ध करावं लागतं. याला रोज सकाळी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. याचा नियम माझ्यापेक्षा कडक आहे."

त्याच आठवड्यात सेवापुस्तक उघडलं गेलं. प्रत्येक भागाचं नाव, नंबर, रुजू झाल्याची तारीख. त्यातल्या काही नोंदी मला पाठ आहेत. 'रॅम एक नग वाढविली. कामाचा वेग सुधारला.' 'स्पीकर : कंत्राटी.' 'यूपीएस : वारंवार विनापरवाना गैरहजर, ताकीद दिली.' आणि एक नोंद होती, 'नेटवर्क कार्ड, एक नग. पद अस्तित्वात, काम नेमून दिलेले नाही.' कारण साहेबांनी घरात इंटरनेटची वायर कधी येऊ दिली नाही. "दार उघडं टाकून झोपतं का कोणी?" असं ते विचारायचे.

माउस बिघडला तेव्हा त्यांनी कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला.

"सर, माउस आप बदल सकते हैं," पलीकडची मुलगी म्हणाली.

"लाइसेंस पर असर?"

"कुछ नहीं होगा, सर."

"यह आप लिखकर दे सकती हैं?"

"सर, माउस है..."

"जी. मैंने भी माउस ही कहा."

टेबल एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवलं तेव्हाही त्यांनी फोन केला होता. पत्ता बदलला नाही पण जागा बदलली, नोंद घ्यावी, म्हणून. त्या मुलीनं नोंद घेतली असं सांगितलं. ती फार समजूतदार मुलगी होती.

पुढे हार्ड डिस्क गेली आणि खरोखरच नवा नंबर घ्यायची वेळ आली, तो दिवस घरात कार्य असल्यासारखा गेला. साहेब आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी उभे. संगणकानं दाखवलेला चांगला चाळीस-पन्नास आकड्यांचा नंबर त्यांनी कागदावर उतरवून घेतलेला. तो त्यांनी एकेक आकडा करून फोनवर वाचायचा, पलीकडून उत्तराचा नंबर यायचा, तो त्यांनी मोठ्यानं म्हणायचा, मी लिहायचा आणि पुन्हा वाचून दाखवायचा. मधे शिट्टी नको म्हणून वहिनींना कुकर उतरवायला लावला. दारावर भाजीवाला आला, तर वहिनींनी त्याला खुणेनंच परत पाठवलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "कोई गुजर गया क्या?"

नंबर बसला. सॉफ्टवेअर उघडलं. साहेबांनी सेवापुस्तकात लिहिलं, 'पुन्हा रुजू', आणि मला सही करायला लावली. मग कुकर परत चढला. मला त्या दिवशी जेवायला दुपारचे तीन वाजले. पुढे आणखी एकदा त्यातलं एक मोठं सर्किट बदलावं लागलं आणि दुसरी संधीही संपली. "आता हा असाच माझ्याबरोबर म्हातारा होणार," ते म्हणाले. आतला एकही स्क्रू हलू द्यायचा नाही, असा त्यांचा निश्चय झाला.

आता माझं.

साहेब आणि वहिनी पुतण्याच्या मुंजीला आठ दिवस नाशिकला गेले. किल्ली माझ्याकडे होती, तुळशीला पाणी घालायला. माझी बायको त्या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशात गेलेली. रविवारी संध्याकाळी तिकडे नातीचं बारसं होतं आणि मी ते संगणकावर बघणार होतो. महिनाभर ठरलेलं. शनिवारी विजेचा दाब चढला आणि माझ्या संगणकाचं नेटवर्क कार्ड जळलं.

रविवारी सकाळी मेकॅनिक आला. त्यानं कार्ड काढून वास घेतला आणि म्हणाला, "ये तो गया, अंकल जी. आज मार्केट बंद है. परसों ला दूंगा." मी त्याला बारशाचं सांगितलं. तो हळहळला. मग म्हणाला, "ऐसा ही कार्ड किसी और मशीन में हो तो दो मिनट का काम है."

असंच कार्ड. माझ्या डोळ्यांसमोर सेवापुस्तकातली ओळ आली, 'काम नेमून दिलेले नाही.' म्हटलं, जे काहीच करत नाही ते दोन दिवस नसलं तर कोणाला कळणार? ज्याला काही काम नाही त्याच्याच सहीवाचून फाइल हलत नाही, हे मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी करून त्या सकाळी विसरलो.

आम्ही वर गेलो. मेकॅनिकनं त्यांचं कार्ड काढलं आणि खाच रिकामी दिसू नये म्हणून माझं जळलेलं तिथे बसवलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खाली येताना मी तुळशीला पाणी घातलं. संध्याकाळी बारसं बघितलं. बायकोनं बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं, बाळ झोपलेलं होतं, आणि मी एकटा बैठकीत बसून मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

मेकॅनिक परवा येणार होता. तो मंगळवारी गावी गेला, भावाचं लग्न म्हणून. फोन लागेना, आणि कार्ड स्वतः परत बसवायचा मला धीर झाला नाही. आठ दिवस संपले, साहेब आले, मी किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली, "जरा वर या."

पडद्यावर लिहिलं होतं, हा परवाना या संगणकासाठी नाही. साहेबांनी ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं. कंपनीचं माहितीपुस्तक त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. त्यात होतं की सगळ्या भागांत नेटवर्क कार्डाचा नंबर सर्वांत जास्त वजनाचा, कारण तसा नंबर जगात दुसऱ्या कार्डाला नसतो.

"आपण नसताना हे कोणीतरी उघडलंय," साहेब म्हणाले.

"अहो, कोण उघडणार?" वहिनी म्हणाल्या. "कपाटातलं चांदीचं तबक जागेवर आहे. चोर काय तुमच्या डब्याची पूजा करायला आला होता?"

मदतकक्षाचा फोन लागला. समजूतदार मुलगी सोडून गेली होती, कोणी मुलगा होता. "सर, सिस्टम में दिख रहा है, हार्डवेयर चेंज हुआ है."

"चेंज नहीं हुआ है."

"सर, हुआ है."

"तो किसने किया?"

"वो सिस्टम में नहीं दिखता, सर." आणि वर त्यानं सांगितलं की दोन्ही संधी संपल्या आहेत, ही आवृत्तीही बंद झाली आहे, नवी विकत घ्या. साहेबांनी फोन ठेवला. नवी घ्यायला ते तयार नव्हते. ते म्हणाले, "नवी घेतली म्हणजे माझ्या हातून बदल झाला हे मी मान्य केलं, असं होईल."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण साहेब तेवढ्यात म्हणाले, "चौकशी होईल. चौकशी अधिकारी म्हणून मी तुमची नेमणूक करतो."

"माझी कशाला, साहेब?"

"अकरा वर्षं तुमचा गोपनीय अहवाल मी लिहिला. सचोटीच्या रकान्यात दर वर्षी लिहिलं, संशयातीत. मग दुसऱ्या कोणाला नेमू?"

चौकशी तीन बैठकांत, त्यांच्या बाल्कनीत झाली. मी खुर्चीवर, साहेब स्टुलावर, कारण चौकशी अधिकाऱ्याचा मान मोठा. पहिली साक्ष वहिनींची. "तुम्ही नाशिकला होता का?" असं साहेबांनी विचारलं. "तुमच्याच शेजारी झोपले होते," वहिनी म्हणाल्या. "नोंदवा," साहेब मला म्हणाले. दुसरी साक्ष कामवाल्या बाईची. ती म्हणाली, "साहब, हमने तो उस कमरे में पोंछा भी नहीं लगाया." हे ऐकून वहिनींनी तिथेच वेगळी चौकशी सुरू केली आणि बैठक तहकूब झाली. किल्ली कोणाकडे होती हे तिघांनाही ठाऊक होतं. पण चौकशी अधिकाऱ्याला प्रश्न विचारायची पद्धत नाही, म्हणून कोणी विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष पाहणी. झाकण मी काढलं. साहेबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, वाकायला मनाई. ते सेवापुस्तक मांडीवर घेऊन बसले. ठळक अक्षरांत लिहिलेले नंबर ते वाचणार आणि मी आत टॉर्च धरून जुळतो की नाही ते सांगणार.

रॅम. "बरोबर." हार्ड डिस्क. "बरोबर."

मग ते म्हणाले, "नेटवर्क कार्ड," आणि सावकाश एकेक अक्षर वाचू लागले. माझ्यासमोर माझंच जळलेलं कार्ड होतं. एका कोपऱ्याला काळा डाग. चौथ्याच अक्षरापासून नंबर वेगळा होता. साहेब शेवटपर्यंत वाचून थांबले. मी मान वर केली नाही.

"बरोबर," मी म्हणालो.

मी दोन पानी अहवाल लिहिला, बाह्य हस्तक्षेप सिद्ध होत नाही म्हणून. सेवापुस्तकात पाहणीची नोंद झाली आणि तिच्याखाली माझी सही. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, 'मान्य' असं लिहिलं, पेनाला टोपण लावलं. मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "म्हणजे मग मीच काहीतरी केलं असणार. आणि मला आठवत नाही."

त्या सबंध चौकशीत खरं बोलणारा एकच साक्षीदार होता, ते सॉफ्टवेअर. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

आपण विसरतो, हे एकदा साहेबांनी मान्य केलं आणि मग नियमाप्रमाणे अमलात आणलं. पत्र पेटीत टाकायच्या आधी वहिनींना दाखवू लागले. कुलूप लावून जिना उतरायचे आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायचे. मंडळाची कामं त्यांनी लेखी राजीनामा देऊन सोडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही.' मंडळानं तो राजीनामा दुःखानं स्वीकारला आणि पुढच्या सूचनेत तिलगुल परत आलं.

साहेबांचा मुलगा गुरुग्रामहून आला. जिन्यात मला थांबवून म्हणाला, "काका, बाबांचं काहीतरी गडबड आहे. म्हणतात, घरात कोणीतरी येऊन कम्प्युटर उघडून गेलं. मग म्हणतात, नाही, मीच उघडला. तुम्ही तर रोज बघता, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "वय झालं आता."

हे वाक्यसुद्धा या जबाबात घ्यावं.

डॉक्टर झाले. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत मुलानं त्यांना गुरुग्रामला नेलं, फ्लॅट भाड्यानं दिला आणि संगणक भंगारवाल्याला. भंगारवाला तो जिन्यातून माझ्याच दारावरून घेऊन गेला. मी दार लावून घेतलं.

याला आठ वर्षं झाली. नात तिसरीत आहे. माझा संगणक केव्हाच गेला, मेकॅनिक गावाहून परतलाच नाही, बायकोही राहिली नाही. तिला मी हे सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "आजच जाऊन सांगा." मी म्हणालो होतो, "उद्या."

यंदा गणपतीत मंडळात साहेबांचा मुलगा आला होता. स्टेजवरून त्यानं वडिलांच्या गमती सांगितल्या. लग्नपत्रिकेची सांगितली, माउसच्या फोनची सांगितली. मग म्हणाला, "आणि शेवटी तर बाबांनी कम्प्युटर कोणी उघडला याची इन्क्वायरी बसवली! रिझल्ट काय? कोणीच नाही!" हॉल हसला. मीही हसलो. सगळे हसत असताना एकटा गप्प बसलो तर दिसेल, म्हणून हसलो.

दुसऱ्या दिवशी मेट्रो बदलत बदलत गुरुग्रामला गेलो. अठरावा मजला. साहेब खिडकीशी बसले होते, वाळले होते, पण शर्ट इस्त्रीचा. वहिनींनी चहा आणला. मी कप उचलायच्या आधीच सुरुवात केली.

"साहेब, ते नेटवर्क कार्ड मी काढलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. ऑफिसात मसुदा ऐकताना ते असेच डोळे मिटून घेत. मी सगळं सांगितलं. बारसं, मेकॅनिक, जळकं कार्ड, टॉर्च, आणि 'बरोबर' म्हणालो तेही. वहिनी उभ्याच राहिल्या होत्या.

"झालं?" साहेबांनी डोळे उघडले.

"झालं."

"तुम्ही फार चांगले आहात हो."

"साहेब, मी काय सांगतोय..."

"एवढ्या लांब, या वयात, मेट्रो बदलून आलात. मला बरं वाटावं म्हणून."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. हे खरं आहे."

साहेब स्टुलावर बसायचे तसे ताठ झाले. "टॉर्च कोणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"नंबर कोणी बघितला?"

"मी."

"काय म्हणालात?"

"बरोबर म्हणालो. पण ते खोटं होतं."

"त्या दिवशी तुम्ही कार्ड डोळ्यांसमोर ठेवून बोललात. आज आठ वर्षांनी आठवणीतून बोलताय. मी कुठला पुरावा धरू?"

मी वहिनींकडे बघितलं.

"अहो, ते स्वतः सांगताहेत ना," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

"तुला समजत नाही. हा माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर चढवून घ्यायला आलाय." मग माझ्या हातावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "घरी कोणी असतं का हो तुमच्याकडे? की एकटेच?"

लिफ्टपर्यंत वहिनी सोडायला आल्या. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "नको. आत्ता माझी माफी मागू नका." लिफ्ट खालून वर येत होती, त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. "भावजी, गॅस बंद केला का, हे ते मला दिवसातून चार वेळा विचारतात. आठ वर्षं मी चार वेळा उठून बघते. बंदच असतो." दार उघडलं तशा त्या वळून आत गेल्या.

म्हणून हे लिहितो आहे. साहेबांना पटवणं माझ्या हातात राहिलेलं नाही, पण जे हॉलमध्ये हसले त्यांनी तरी वाचावं. आमचे साहेब काहीही विसरले नव्हते. संगणक उघडला गेला होता. उघडणारा मी होतो. जबाब संपला.

हे लिहीत असतानाच परवा मुलीचा फोन आला.

"बाबा, काकांचा फोन आला होता मला."

"साहेबांचा? काय म्हणाले?"

"तुमची काळजी करत होते. म्हणाले, बाबा एकटे राहतात, जरा लक्ष ठेव. न केलेल्या गोष्टी केल्या असं वाटायला लागलंय त्यांना. सुरुवातीला असंच होतं, म्हणाले, माझंही झालं होतं."

"अगं, मी खरंच केलं ते! तुझ्या मुलीच्या बारशाच्या दिवशी, माझं कार्ड जळलं होतं, तेव्हा..."

"हो, बाबा," ती म्हणाली. लहानपणी तिला ताप आला की मी असाच तिला 'हो' म्हणायचो. मग अगदी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "बाबा, आज वार कुठला?"

"गुरुवार," मी म्हणालो.

"व्हेरी गुड," ती म्हणाली.